उरलेल्यांचा संघ

साडेपाचला चुन्याची पिशवी घेऊन
मी रेल्वे मैदानावर उभा असतो.
रेषा मारून होईपर्यंत सात पोरं येतात,
कधी नऊ.
एकदा अकरा आली होती.
गड्ड्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट,
बसवंतच्या गाड्यावर उधारी वाढवून
सगळ्यांना क्रीमरोल चारले होते.

त्यातला इरण्णा बिर्रू.
काय पळायचा! चेंडू पुढं, पोरगं त्याच्याही पुढं,
आणि बचावातले तिघं
एसटी चुकल्यासारखे धुरळ्यात उभे.
त्याच्या बापाला भेटायला कारखान्यात गेलो.
मागाच्या खडखडाटात माझ्या कानाशी तोंड आणून
तो म्हणाला, सर, ह्याच्यात नोकरी कुठं लागती?
मी काहीतरी बोललो,
त्याला ऐकू गेलं नाही
असं मी अजून स्वतःला सांगतो.

अल्तमश बागवान. गोलात उभा राहिला
की दोन्ही खांब त्याच्या बोटांना लागतील असं वाटायचं.
मामानं क्रिकेटचं किट आणलं, मोसंबीच्या दोन ट्रकांच्या नफ्यातून.
आता तो तिकडच्या नेटमध्ये
वीस पावलांवरून धावत येतो,
टाकतो, वळतो, चालत जातो,
पुन्हा आपली पाळी कधी येईल ते बघत बसतो.
एवढं बसणं
मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

उंची दिसली की क्रिकेटवाले येतात.
मांडी दिसली की कबड्डीवाले.
छाती आणि दम दोन्ही दिसले
तर घरचेच अॅकॅडमीची फी भरतात,
खाकीचं माप आधीच घेऊन ठेवल्यासारखे.
मला मिळतात ती पोरं
सगळ्यांनी मोजून परत ठेवलेली.

भाचा टेक्सासला असतो.
रविवारी फोन करतो. माझी भाकरी तव्यावर, त्याची अजून पहिली कॉफी.
म्हणतो, मामा, इथंही हेच.
उंच पोरं बास्केटबॉलला, दांडगी पोरं
त्या अंड्यासारख्या चेंडूला;
तिकडं कॉलेजं पैसे घेऊन दारात उभी.
आणि फुटबॉलची फी अशी
की गरिबाचं चपळ पोर जाळीबाहेरून बघतं.
मी म्हटलं, आमच्याकडं फी नाही,
जाळीही नाही,
तरी पोर बाहेरच.
दोघंही हसलो. मग बराच वेळ
फोनमध्ये नुसती खरखर.

खरं सांगू? मलाही नीट कळत नाही
चांगलं पोर म्हणजे कोणतं.
नरसिमलू चिप्पा सव्वापाच फूट,
कांड्यांची पोती उचलून एक खांदा उतरलेला,
भरतीच्या रांगेतून पहिल्याच दिवशी घरी.
तो पळतच नाही फारसा.
सगळे चेंडूमागं गेले
की त्यांनी सोडलेल्या जागेत जाऊन थांबतो,
आणि चेंडू कसा कुणास ठाऊक
तिथंच येतो.
मी ओरडतो, काय करायलास बे, हल की!
तो म्हणतो, सर, आलाव ना मी आधीच.

ह्या गुरुवारी तोही आला नाही.
लग्नसराई, चादरींची ऑर्डर, रात्रपाळी.
आठ जणांत आम्ही चार-चार केले,
गोल म्हणून चपलांचे दोन ढीग.

सातच्या सुमाराला भरतीवाली पोरं
नेहमीप्रमाणे आमची रेषा तुडवत गेली,
टाचांना चुना लागलेला.
चेंडू घरंगळत त्यांच्या वाटेत गेला.
इरण्णा घड्याळाकडं बघत पळत होता.
मान वळवली नाही, वेग मोडला नाही,
फक्त उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं
टिचकी मारल्यासारखं केलं
आणि चेंडू
चाळीस पावलं वळत येऊन
माझ्या बुटापाशी थांबला.

त्याची वेळ किती लागली त्या दिवशी,
विचारायचं राहिलं.